सगळ्यांची दुसरी पसंती

आत्याला हळू बोलणं कधी जमलंच नाही. अकोटच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून तिने सगळी नोकरी माइकवर काढली आणि निवृत्त होऊन अमरावतीला आमच्याकडे राहायला आली, ती तो आवाज घेऊनच. "पोहे तयार आहेत, खाणाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे यावं," असं ती म्हणाली की शेजारचेसुद्धा चपला शोधू लागत. नात्याने ती माझ्या बाबांची थोरली बहीण, पण महिन्याभरात अख्ख्या वस्तीची आत्या झाली.

तिला एकच ध्यास होता. विहारामागची खोली रिकामी पडली होती, तिथे मुलींसाठी अभ्यासिका करायची. आडवे येत होते जयंती मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ. मनाने सोन्यासारखा माणूस, पण मंडळाची सगळी वर्गणी डीजेवर जाई, त्यापुढे त्यांना काही दिसत नसे. अध्यक्षपदाला आमच्या तीन गल्ल्यांचे तीन उमेदवार असत, मतदान हात वर करून होई आणि त्यांची समोरची गल्ली सगळ्यात मोठी म्हणून बंडूभाऊ दरवर्षी निवडून येत. बाकीच्या दोन गल्ल्यांना डीजे नको होता, पण एकमेकींच्या उमेदवाराला मत द्यायचं म्हटलं की त्यांचे हात जड होत.

"दोन गल्ल्या नाही म्हणून राहिल्या आन् राज करून राहिली तिसरी," आत्या भर सभेत कडाडली. "पद्धतच बदला. सगळ्या उमेदवारांले पसंतीचा नंबर द्या. पहिल्या पसंतीले जास्त गुण, दुसरीले थोडे कमी, तिसरीले त्याहून कमी. बेरीज करा, मोकळे व्हा."

पद्धत बदलायची की नाही, यावर साऱ्या वस्तीचा कौल घ्यायचं ठरलं, आणि मग जो धुरळा उडाला त्याला तोड नाही! पानठेल्यावर वाद, चक्कीवर वाद. एका घरात तर नवरा जुन्या पद्धतीचा आणि बायको नव्या पद्धतीची, म्हणून दोन वेगळ्या भाज्या शिजू लागल्या. "एका माणसाले एकच मत असते. इथं काय सेल लागला काय?" बंडूभाऊ विचारत. आत्याचं उत्तर तिच्या खिडकीतलंच असे. "अमरावतीची सरळ गाडी भरून गेली तं वाटेतल्या अंजनगावची पकडतं का नाही? का स्टँडवरच संसार थाटतं?"

कौलाच्या आधी तिने रंगीत तालीम ठेवली. उमेदवार बुंदी, जिलेबी आणि बालुशाही. चिठ्ठ्या उघडल्या आणि आत्याने कपाळाला हात लावला. जवळजवळ प्रत्येकाने तिन्ही पदार्थांना एक नंबर दिला होता! "कोणाले दोन नंबरचा कसा म्हनावं? वाईट वाटते ना," बंडूभाऊंची आई म्हणाली. आमची वस्तीच अशी भिडस्त, जिलेबीचंही मन मोडवेना. बंडूभाऊ तर हसून हसून खाली बसले.

आत्या मात्र हटली नाही. "माय, पहिल्या पंगतीत सगळे मावतात काय? मंग दुसरी पंगत बसते. तिले काय आपन शिळं वाढतो?" पंगतीचं गणित आमच्यात सगळ्यांनाच कळतं. पुढच्या रविवारी कौल झाला तेव्हा नव्या पद्धतीसाठी उठलेल्या हातांत बंडूभाऊंच्या आईचा हात सगळ्यात उंच होता. "माये, तू बी?" ते ओरडले. "मले जिलेबी पायजे, पंगत कोनती बी असो," ती शांतपणे म्हणाली.

निवडणूक आली. नेहमीचे तिघे होतेच, बायकांनी हट्टाने आत्याचंही नाव टाकलं. प्रत्येक गल्लीने पहिली पसंती आपापल्या माणसाला दिली आणि दुसरी, न ठरवता, आत्याला. बेरीज झाली आणि आत्या अध्यक्ष!

"आत्या, तुमाले तं पहिलं कोणीच देलं नाही," बंडूभाऊ चक्रावून म्हणाले.

"मले आयुष्यात कोणीच पहिलं देलं नाही रे बंड्या," आत्या म्हणाली. "पाव्हणे मले पाहाले आले आन् लहानीले पसंत करून गेले. दोनदा. पण दुसरं मोजलं ते या खेपेलेच." आणि ती इतकी खदखदून हसली की मागच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मला मात्र तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि मी पडले.

अभ्यासिका झाली. डीजेही वाजला, पण मुलींची परीक्षा संपल्यावर. मी त्याच खोलीत बसून अभ्यास केला. बाहेरून आत्या "शांतता राखावी" असं ओरडून सगळी शांतता घालवायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. वस्ती इतकी गप्प झाली की चक्कीचा आवाज आमच्या घरापर्यंत येऊ लागला. यंदाच्या निवडणुकीत चिठ्ठ्या वाचायला माइकवर बंडूभाऊ होते. पहिली चिठ्ठी उघडून त्यांनी पहिली पसंती वाचली आणि थांबले. खाली कोणीतरी पेनाने नाव वाढवलं होतं: दुसरी पसंती, आत्या. पुढच्या चिठ्ठीतही तेच. तिच्या पुढच्या चिठ्ठीतही. माझी त्यातच कुठेतरी होती.

"उमेदवार नसलेलं नाव आहे, नियमाने चिठ्ठी बाद," मोजणीला बसलेला एक जण हळूच म्हणाला.

बंडूभाऊंनी डोळे पुसले आणि माइक तोंडाजवळ घेतला. "बाद करायच्या असतील तं पहिले माही चिठ्ठी करा," ते म्हणाले, थेट मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.