स्पीड येतोय, निलेश येत नाही

"स्पीड तर चांगला येतोय, मॅडम." मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

"भाऊ, स्पीडची तक्रार मी केलीच नव्हती," सारिका मॅडम म्हणाल्या. "मागच्या दोन्ही वेळी तुम्ही लोक हेच दाखवून गेला होता."

खरं होतं ते. येरमाळ्यातल्या त्या घरी ह्या तक्रारीसाठी आमच्या कंपनीची ती तिसरी खेप होती. पहिल्यांदा मी गेलो होतो, दुसऱ्यांदा आमचा दुसरा माणूस. दोघांनीही स्पीड मोजला, फोटो काढला आणि तिकीट बंद केलं. आमच्यात तक्रारीला तिकीट म्हणतात. ते उघडं राहिलं की वरून फोन येतात, म्हणून ते बंद करायची घाई असते. तक्रार मिटली की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

मी कळंब तालुक्यात फायबर इंटरनेटच्या लाइनवर काम करतो. कागदावर फील्ड इंजिनीअर, गावात वायरवाले भागवतभाऊ. त्या रविवारी दुपारचा एक वाजला होता. शेजारच्या वाशी गावाकडं जेसीबीनं आमची केबल तोडली होती आणि आमचे कदम साहेब सकाळपासून मला तिकडं पळवायच्या मागं होते. माझा एक पाय दारातच होता.

"नेमकं काय होतं ते एकदा दाखवता का?" मी विचारलं.

मॅडम हायस्कूलला गणित शिकवतात. फळ्यावर उदाहरण मांडावं तसं त्यांनी एकेक करून दाखवलं. टीव्हीखाली गेमचं मशीन होतं, कन्सोल म्हणतात ते. त्यावर फुटबॉलचा गेम लावला. एकट्या खेळल्या, चाललं. यादीतलं 'निलेश' हे नाव निवडून बोलावणं पाठवलं. गोल गोल चक्र फिरलं आणि खाली ओळ आली, जोडता येत नाही.

"निलेश माझा धाकटा भाऊ. गुजरातेत एका कारखान्यात नोकरीला आहे, कंपनीच्या कॉलनीत राहतो. त्याच्याकडंही हेच मशीन आहे. महिन्याखालीपर्यंत आम्ही दर रविवारी खेळायचो. आता तो जोडलाच जात नाही. त्याचा आवाजही येत नाही."

मी घड्याळ बघितलं. मनात म्हटलं, वाशीत निम्म्या गावाचं नेट बंद आहे आणि मी इथं फुटबॉल बघत उभा आहे. तोंडानं म्हणालो, "बोलायचंच असेल तर मॅडम, साधा फोन लावा ना. तो तर लागतो."

आतल्या दारात त्यांची आई उभी होती. ती म्हणाली, "फोनवर जीभ अडती बाबा त्याची. लहानपणापासनं. फोन म्हणलं की एक शबुद न्हाय निघत. लई कष्टी हुतंय लेकरू."

मग मॅडमनी सांगितलं. निलेश अडखळत बोलतो. समोर माणूस असला की थोडं, फोनवर फार. पण हात कशात तरी गुंतलेले असले, डोळे दुसरीकडं असले की सरळ बोलतो. गेम खेळताना तासभर बोलत राहायचा. मेसमधलं जेवण, रूममधली पोरं, साहेब लोक, सगळं. त्यानंच दोन मशीनं घेतली, एक तिकडं, एक इकडं, आणि बहिणीला खेळायला शिकवलं. महिनाभर तो दार बंद झालेल्या घरासारखा गप्प होता. मेसेजवर फक्त 'ठीक आहे.'

"आणि आज सकाळी हे आलं." त्यांनी मोबाईल माझ्यापुढं केला.

मी वाचलं. 'उद्या राजीनामा देतोय. घरी येणार नाही. फोन करू नका.'

"चार वाजता त्याची शिफ्ट असते," मॅडम म्हणाल्या. "तोवर तो खोलीवर आहे. बोलावणं पाठवलं की त्याचं नाव हिरवं होतं, म्हणजे तिकडून तोही प्रयत्न करतोय. पुढं काही होत नाही."

मी दारातला पाय आत घेतला आणि खाली बसलो.

मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची तपासणी लावली. खाली लिहून आलं, 'नॅट टाइप: स्ट्रिक्ट', म्हणजे बाहेरून येणाऱ्यावर कडक बंदी. हे पान मी पहिल्या खेपेला उघडलंच नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सोपं करून सांगतो. राउटर म्हणजे घराच्या दारावरचा राखणदार. आतल्या माणसानं बाहेर काही मागवलं तर आलेली वस्तू तो आत सोडतो. न बोलावता बाहेरून कुणी आलं तर त्याला परत पाठवतो. व्हिडिओ बघणं म्हणजे मागवणं, त्यामुळं ते बिनघोर चालतं. पण असे काही गेम असतात की दोन मशीनं थेट एकमेकांच्या दारात जातात. दोन्हीकडचे राखणदार कडक असले तर दोघंही बाहेरच उभे राहतात. एकीकडचं दार जरी उघडं असलं तरी भागतं. निलेशच्या कॉलनीत कंपनीचं नेट होतं, तिथं त्याला हात लावता येत नव्हता. म्हणजे उघडायचं ते इकडचंच.

मी राउटरकडं बघितलं.

भिंतीवर दोन पेट्या होत्या. एक आमच्या फायबरची, पांढरी. दुसरी मॅडमचा जुना काळा राउटर. महिन्याखाली व्होल्टेजच्या झटक्यानं आमची जुनी पेटी जळाली होती. ती बदलायला मीच आलो होतो. नवीन पांढऱ्या पेटीत राउटर आतच असतो. तरी मी काळा राउटर तसाच तिच्या मागं जोडून दिला होता, आतल्या खोलीत वायफाय पोचावं म्हणून. एका दारावर दोन राखणदार बसवून मी निघून गेलो होतो.

"मॅडम, ही चूक माझी आहे," मी म्हणालो. "महिन्याखाली मीच केलीय."

"आधी नीट करा," त्या म्हणाल्या. "चुकीचं नंतर बघू."

काळ्या राउटरचं राखणदाराचं काम बंद केलं. आता त्यानं फक्त वायफाय पसरवायचं. केबल दुसऱ्या भोकात घातली. पांढऱ्या पेटीत एक सुविधा असते, ती चालू केली की गेमचं मशीन स्वतःच पेटीला सांगू शकतं, माझ्यासाठी एवढं दार उघडं ठेव. ती बंद होती, चालू केली. सगळं एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं. दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती मिनिटं मी उभा राहून काढली.

पुन्हा तपासणी. 'स्ट्रिक्ट'.

मॅडमनी मान खाली घातली. आई म्हणाली, "झालं का रं?"

"नाही अजून, आक्का."

मोबाईल वाजला. कदम साहेब.

"भागवत, वाशीला पोचलास का?"

"येरमाळ्यातच आहे, साहेब. अर्धा तास द्या."

"तिकडं काय?"

"ते सारिका मॅडमचं तिकीट."

"ते बंद झालंय ना? स्पीड येतोय की."

"येतोय साहेब. पुन्हा करतो फोन," म्हणून मी ठेवून दिला. साहेबांचा फोन मी पहिल्यांदाच असा ठेवला.

पेटीचं पान पुन्हा उघडलं आणि इंटरनेटच्या बाजूचा पत्ता बघितला. प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. मॅडमच्या जोडणीचा पत्ता शंभरनं सुरू होत होता. तो बघितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा पत्ता घराचा स्वतःचा नसतो. स्वतंत्र पत्ते जगात कमी पडायला लागले, गिऱ्हाइकं वाढली, म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतात. आमच्या कंपनीनंही महिन्याखालीच हा बदल केला होता. गिऱ्हाइकांना कळवलं नव्हतं, आम्हालाही वरवरच सांगितलं होतं. म्हणजे घरातला एक राखणदार मी काढला, पण कळंबच्या ऑफिसात बसलेला मोठा राखणदार तसाच होता. त्याला इथून हात लावता येत नाही.

अडीच वाजून गेले होते. मी ओट्यावर आलो आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, ह्या जोडणीला पब्लिक आयपी पाहिजे. स्वतःचा पत्ता."

"तो फक्त ऑफिसच्या जोडणीला देतो आपण. घरच्याला नाही."

"महिन्याखाली ह्यांना होता. आपण काढला."

"सगळ्यांचाच काढला. कुणाची तक्रार आलीय का?"

"ह्यांची आलीय. तीनदा."

साहेब म्हणाले, "भागवत, कशासाठी पाहिजे हे? कॅमेरे आहेत का घरात?"

"गेम आहे साहेब."

"गेम?" त्यांच्या आवाजात चीड होती. "वाशीत लोक माझ्या नावानं शिमगा करायलेत आणि तू गेमसाठी आयपी मागायलास?"

दुसऱ्याच्या घरातली गोष्ट फोनवर सांगायची की नाही, मला कळेना. निलेशची जीभ अडते हे त्यांना सांगायचा मला काय अधिकार? मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी म्हणालो, "साहेब, गेमच आहे. पण चार वाजायच्या आत नाही झालं तर ह्या घरात वाईट होईल. कारण विचारू नका. पेटी बदलताना चूक माझी झालीय, ती माझ्या नावावर लिहा. आपल्या येरमाळ्याच्या मशीनच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला एक पब्लिक आयपी दिलाय. आज दुपारी तो कॅमेरा कुणी बघणार नाही. तेवढा इकडं फिरवा."

पलीकडं कीबोर्डची टकटक सुरू झाली.

"गिऱ्हाईक नंबर सांग," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंतच देतोय. आणि तिथून निघालास की सरळ वाशी."

"सरळ वाशी."

मी आत जाऊन पेटी बंद केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि चालू केली. नवीन पत्ता आला, शंभरचा नव्हता. तपासणी लावली. ह्या वेळी ओळ यायला जरा जास्तच वेळ लागला असं मला वाटलं.

'नॅट टाइप: ओपन'.

मॅडमनी बोलावणं पाठवलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तीन वाजून दहा मिनिटं. चक्र फिरलं, थांबलं. टीव्हीतून कुणाच्या तरी खोलीतला आवाज यायला लागला. खुर्ची सरकल्याचा. श्वासाचा.

"निलू," मॅडम म्हणाल्या.

"त... त... त..." पलीकडून आवाज आला आणि तिथंच अडला. आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

मॅडमनी घाई केली नाही, त्याचा शब्दही पुरा केला नाही. म्हणाल्या, "टीम निवड. मी लाल घेतलीय."

मॅच सुरू झाली. दोन-तीन मिनिटं दोघं नुसतीच खेळली. निलेशनं एक गोल केला. आणि मग त्याचा आवाज आला, सरळ, न अडता. "ताई, तुझा गोलकीपर झोपलाय का?"

मी माझी पिशवी उचलली. बूट घालताना पुढचं थोडं कानावर आलंच. त्याला कंट्रोल रूममध्ये टाकलं होतं. तिथं वॉकीटॉकीवर सूचना द्याव्या लागतात. एकदा महत्त्वाच्या वेळी शब्द निघाला नाही, मागं कुणीतरी त्याची नक्कल केली, आणि तेव्हापासून रोज करत होते. "उद्या दे राजीनामा," मॅडम शांतपणे म्हणत होत्या, डोळे टीव्हीवर. "पण त्याआधी बदली मागणारं पत्र दे. ते मी लिहून पाठवते. तुला काही बोलायचं नाही, नुसतं टेबलावर ठेवायचं."

मी ओटा उतरलो. आई मागून फाटकापर्यंत आली. "जेवून तरी जा की, बाबा."

"वाशीला जायचंय, आक्का. केबल तुटलीय."

"महिना झाला त्याचा आवाज ऐकून," ती म्हणाली, आणि तशीच परत आत गेली. तिला एक शब्दही चुकवायचा नव्हता.

वाशीत मी साडेचारला पोचलो. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. अंधार पडायच्या आत केबल जोडली गेली.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. निलेशनं पत्र दिलं होतं. त्याला उपकरणं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये टाकलं. तिथं बोलायचं काम कमी आणि हातांना काम भरपूर. नक्कल करणाऱ्यांचं काय झालं, मी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "असल्या लोकांचं कधी काही होतं का?"

कॅमेऱ्याचा आयपी कदम साहेबांनी संध्याकाळी परत घेतला नाही. मीही आठवण केली नाही. मग त्यांनीच वर लिहिलं, आणि आता घरच्या गिऱ्हाइकानं अर्ज दिला तर आम्ही पब्लिक आयपी देतो. अर्ज फार थोडे येतात, कारण असं काही मागता येतं हे कुणाला माहीतच नसतं.

हल्ली मी कुठल्याही घरी गेलो की स्पीड मोजायच्या आधी विचारतो, "तुम्हाला ह्यावर नेमकं करायचंय काय?" एका खेपेला दहा मिनिटं जास्त लागतात. स्पीडचा आकडा दाखवला की गिऱ्हाईक गप्प बसतं, पण गप्प बसलं म्हणजे काम झालं असं नाही. एवढं कळायला मला चौदा वर्षं नोकरी करावी लागली.