चांद्रगाडीचं वंगण

जगात जे जे अडतं ते वंगणावाचूनच अडतं, यावर आमच्या मामेसासऱ्यांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा मी आजवर कुणाचा कशावरही पाहिलेला नाही. म्हणजे माझ्या बायकोचे हे मामा. पारोळ्याला त्यांचं ऑइल इंजिनं आणि पेरणीयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. वय झालं तसं दुकान बंद केलं, पण वंगणाचा डबा काही हातातून सुटला नाही. लोक घराबाहेर पडताना खिशात रुमाल आहे ना ते चाचपतात, मामा पिशवीतला डबा चाचपतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते कूलरच्या मागे घुसून पंख्याला वंगण देत होते. तांदूळ टाकायला हात मोकळे नव्हते, म्हणून आम्हा दोघांना त्यांचा आशीर्वाद कूलरमागूनच मिळाला. एकदा त्यांनी आमच्या बॅगेच्या चाकांना हात लावला, तर पाचोऱ्याच्या फलाटावर ती बॅग आमच्याआधी गाडी गाठायला निघाली. गावातल्या देवळाची घंटा कर्कश वाजते म्हणून तिच्या लोळ्यालाही त्यांनी वंगण दिलं होतं. मग दोन दिवस पुजाऱ्यानं टाळ्या वाजवून आरती केली.

अशा माणसाच्या कानावर चंद्राची गोष्ट घालायला नको होती, पण ती मीच घातली. धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमनी हौशी मंडळी जमवली होती. त्यात पाचोऱ्याचे एक घड्याळजी होते, यावलचे एक ठिबकच्या नळ्या बसवणारे भाऊ होते, आणि मी होतो. मला फक्त टिपणं काढता येतात. आमची गाडी काही खरोखर चंद्रावर जाणार नव्हती. घरगुती चांद्रगाड्यांची एक स्पर्धा होती. परीक्षक येणार, चंद्रासारख्या जमिनीवर गाडी चालवून बघणार, एवढंच. पण तिच्या सहा चाकांचा सांगाडा कुणाला जमेना, म्हणून मी मामांना विचारलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तठे रस्ता कसा शे?"

"रस्ता नाहीच मामा. नुसती धूळ आणि खड्डे."

"मंग तो आपलाच रस्ता शे," मामा म्हणाले आणि पिशवी उचलून माझ्याबरोबर निघाले.

मॅडमनी कागदावर काढलेली गाडी मामांनी पेरणीयंत्राच्या भंगारातून उभी केली. प्रत्येक चाक आपापलं वरखाली होई, दगडावर चढे, पण गाडी कलंडत नसे. मॅडम तर बघतच राहिल्या. धुळ्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही वीटभट्टीची राख आणि खडीक्रशरची चुरी पसरून आमचा चंद्र तयार केला. गाडी त्यावर सोडली. दहा पावलं झोकात गेली आणि बसली. चाक उघडून पाहिलं, तर वंगणात राख कालवून आत चांगला लगदा झालेला. मॅडमनी मामांना समजावलं, की इथे वंगण चालत नाही. मामांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जास्त घट्ट वंगण घेऊन आले. नको म्हटलं तर मानेनं हो म्हणायचे, आणि आम्ही चहाला वळलो की पाठीमागे त्यांची वंगणाची काडी चाकात. गाडी दुसऱ्यांदा बसली, तिसऱ्यांदा बसली. परीक्षकांची चाचणी आठवड्यावर आली.

तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं. "चाचणीच्या दिवशी मामांना घरी थांबायला सांगा. तुम्ही जावई आहात, तुमचं ऐकतील," त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "त्यांच्याशिवाय ही गाडी उभी राहिली नसती, हे मला कळतं हो. पण सगळ्यांची दोन वर्षं आहेत यात." त्यांचं चूक नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. गाडीचा एकेक सांधा ज्या माणसानं स्वतःच्या हातानं घासला, त्यालाच तिच्या पहिल्या मोठ्या दिवशी तू येऊ नकोस म्हणायचं!

तरी मी जळगावहून पारोळ्याला गेलो. पण खानदेशात जावयाला मान फार, आणि मान म्हणजे जेवण. पहिल्या खेपेला मामींनी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. त्या भाकरीबरोबर मी वाक्य गिळलं. दुसऱ्या खेपेला शेवभाजी होती. तिच्या तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, आणि रडत रडत असली गोष्ट काय सांगायची म्हणून परतलो. तिसऱ्या खेपेला वरण-बट्टी होती. तुपात बुडालेला माणूस कुणाचं मन मोडू शकत नाही. चौथ्या खेपेला, चाचणीच्या आदल्या सकाळी, मी ठरवूनच गेलो, की पाणीसुद्धा प्यायचं नाही, उंबऱ्यातच सांगून टाकायचं.

मामा ओट्यावर बसले होते. समोर राखेनं भरलेल्या दोन पराती होत्या आणि दोन्हींत एकेक चाक होतं.

"बसा जवाई. जेवानं नंतर, पयले हाई देखा."

त्यांनी वंगण दिलेलं चाक फिरवलं. ते दोन फेरे घेऊन अडलं. दुसऱ्याला त्यांनी शिसपेन्सिलीची नुसती कोरडी भुकटी चोळली होती, कुलपाच्या भोकात घालतात तशी. ते राखेत फिरतच राहिलं.

"वंगण राखले धरी लेस," मामा म्हणाले. "पन्नास वरीस गाड्यास्ले वंगण दिधं मी, पन राखमा गाडी कधी हाकलीच नही."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"तुम्हीच."

"मी तर एक शब्दही बोललो नाही, मामा!"

"चार येळा मन्हा घर उनात. मन्हाकडे देखतच नही. बठ्ठा येळ त्या डब्बाकडे देखतस." मामा परातीतली राख सारखी करत म्हणाले, "माले घरी ठेवानं ठरनं व्हतं ना?"

मला खोटं बोलवेना. मी हो म्हटलं.

"मंग आते डब्बाले घरी ठेवूत," मामा म्हणाले.

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या ओट्यावर कळलं. मामींनी त्या दिवशी काय वाढलं होतं ते आठवत नाही, पण मी तीनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वंगण पुसून नुसती भुकटी चोळलेली गाडी करकरत का होईना, अख्खा चंद्र ओलांडून गेली. शेवटचा चढ चढताना तिनं असा काही सूर काढला, की मामांनी डोळे मिटून घेतले. हात मात्र पाठीमागे घट्ट बांधलेले. पलीकडे ती पोचली तेव्हा मॅडमनी परीक्षकांसमोर मामांनाच पुढे बोलावलं आणि चाकांचं सगळं त्यांनाच सांगायला लावलं. बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. आम्ही सगळे नुसते सुटलो होतो.

त्यानंतर मामांमध्ये एक फरक पडला आहे, आणि तो मला अजून सोसत नाही. परवा ते आमच्याकडे जळगावला आले. आमच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. पूर्वी त्यांनी चपला काढायच्या आधी काम उरकलं असतं. या वेळी ते कड्यांकडे बघत बसले, पिशवीत हात घातला, पुन्हा बाहेर काढला आणि म्हणाले, "जवाई, देऊ का जरासं? चालई ना?" पंच्याहत्तरीच्या त्या माणसानं मला असं विचारावं!

"झोपाळ्याला द्या मामा, दारांना द्या, त्या खुर्चीलासुद्धा द्या," मी म्हणालो.

"खुर्ची कोठे फिरस?" मामा म्हणाले. तरीही त्यांनी डबा काढलाच आणि तिच्या चारही पायांना वंगण दिलं. फरशीवर त्याचे चार काळे डाग पडले आहेत. बायको काल ते पुसायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे.