साडूंची खुर्ची

दुसऱ्याचं बोलणं माझ्या साडूंइतक्या इमानदारीने परत करणारा माणूस साऱ्या छत्तीसगडात सापडायचा नाही, हे मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं. पण कळण्याआधी मी त्यांची माफी मागून मोकळा झालो होतो. दुर्गला त्यांच्या घरी पहिल्यांदाच जेवायला गेलो होतो. बायकोची थोरली बहीण, आमची ताई, आत पोळ्या करत होती आणि साडू मला सासऱ्यांविषयी काही सांगत होते. सांगता सांगता ते उठले, खुर्ची वीतभर उजवीकडे सरकवून पुन्हा बसले आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "तुमच्या हाती पोरगी देली हेच चुकलं आमचं. ना बोलायची रीत, ना वागायची. ताटावर बसले का उठाचं नाव नाही, अन् वाढणारीचे हात दुखून राहिले हेही दिसत नाही." माझी पाचवी पोळी चालू होती. ती मी ताटात ठेवली, उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. यापुढे सुधारेन."

"बसा," साडू म्हणाले. "अवतरण चालू आहे."

उरलेलं अवतरण मी उभ्यानेच ऐकलं. मग त्यांनी खुर्ची पूर्ववत जागेवर आणली आणि संदर्भ दिला: "सासरेबुवा. मले उद्देशून. आमचा पहिला दिवाळसण."

साडू दुर्गच्या एका कॉलेजात शोधप्रबंधांची मांडणी तपासायचे. प्रबंधात काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ते ज्याचं त्याने पाहावं. साडू पाहायचे ते दुसऱ्याचं लांबलचक बोलणं कसं उतरवलंय ते. चाळीस शब्दांच्या आत असेल तर ओळीतच, अवतरणचिन्हांत. चाळीस ओलांडले की नवी ओळ घ्यायची, सगळा मजकूर समासापासून अर्धा इंच आत सरकवायचा आणि चिन्हं काढून टाकायची, कारण आत सरकलेला मजकूर स्वतःच सांगतो की मी दुसऱ्याचा आहे. खिशातल्या स्टीलच्या पट्टीने ते हा अर्धा इंच मोजत. एक विद्यार्थिनी स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली, तर तिचीही पत्रिका मोजली गेली. खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं छापलं होतं. साडूंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोणं म्हटलं? संदर्भ नाही."

नोकरीतला हा नियम त्यांनी घरी कधी आणला ते ताईलाही आठवत नव्हतं. बोलणं छोटं असेल तर ते दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर करीत. हातात चहा असेल तर आधी कप खाली ठेवीत. लांब असेल तर खुर्ची आत. मधलं काही गाळायचं झालं तर तीन टिंबांच्या जागी टेबलावर तीन टिचक्या. आपल्या नणंदांविषयी ताईचं जे मत होतं ते साडू सांगायला लागले की इतक्या टिचक्या पडत की शेजारी विचारत, घरी सुतार लागला आहे का. बाजारात खुर्ची नसते, म्हणून तिथे ते स्वतःच एक पाऊल उजवीकडे होत. एकदा ताईने सडके टोमॅटो परत करायला पाठवलं. तिचा निरोप चाळीस शब्दांत मावणाऱ्यातला नव्हता. साडू भाजीवाल्यासमोर उभे राहिले, नियमाप्रमाणे सरकले, आणि ते सगळं बोलणं शेजारच्या दुकानावरच्या म्हाताऱ्याला ऐकवलं. त्याने बिचाऱ्याने निमूट ताजे टोमॅटो भरून दिले आणि हात जोडले, "दूसर पताल ले जा साहब, फेर बाई ला झन लाबे." टोमॅटो न्या, पण बाईंना आणू नका.

"यांच्याशी भांडाची सोय नाही," ताई म्हणायची. "माझंच भांडण मले दोन वर्षांनी संदर्भासकट परत येते."

आणि हा माणूस स्वतः काय बोलायचा? काही नाही. भाजी कशी झाली विचारलं तर पाहुणे काय म्हणाले ते सांगायचे. ताई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी खुर्ची सरकवून डॉक्टरांचं बोलणं अक्षरशः ऐकवलं. स्वतःचं वाक्य एकही नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या लेकीला, मुक्ताला, पुण्याला नोकरी लागली. हवी होती तशीच. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता, आणि पोरगी नकार लिहून फोन हातात घेऊन बसली होती. आम्ही हुडको कॉलनीतल्या आमच्या घरून धावत गेलो. माझ्या बायकोने समजावलं, रागावली, पुन्हा समजावलं.

"बाबांले कोण पाहील, मावशी?" मुक्ता एवढंच म्हणे. "खुद के लिए तो एक ग्लास पानी भी नहीं लेते."

मीही चार शब्द सांगितले. माझ्या शब्दांचं आमच्या घरी जे होतं तेच तिथे झालं. साडू टेबलाकडे पाहत बसले होते. मुक्ताने अंगठा फोनवर नेला, तेवढ्यात ते उठले. खुर्ची वीतभर आत सरकवली. बसले.

"मुक्ते, तुझा बाप काई लहान पोरगं नाही. त्याले वरण येते, भात येते. पोळी नाही आली तं दुकानात भेटते. मी नाही म्हणून तू चूल सांभाळत बसशील तं मले ते आवडणार नाही. तू जाय. तो रडन एखाद दिवस, रडू दे. अन् फोन करत जाय, पण रोज काय जेवले ते विचारू नोको, त्याले खोटं बोलता येत नाही."

एकही टिचकी पडली नाही.

"आई हे कधी बोलली?" मुक्ताने विचारलं.

"तुझी आई. दवाखान्यात. घडीभर नळी काढली होती, तू खाली औषधं आणाले गेली होती तेव्हा."

या माणसाने जन्मात कोणाच्या बोलण्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता, हे मुक्ताइतकं कोणाला ठाऊक? तिने डोळे पुसले, नकार खोडला आणि होकार पाठवला. साडू तसेच बसून होते. खुर्ची जागेवर न्यायची राहूनच गेली.

परतताना स्कूटरवर मी बायकोला म्हणालो, "ताईचं शेवटचं बोलणं भाऊजींनी किती जपून ठेवलं होतं, नाही?"

ती मागून म्हणाली, "दवाखान्यात ताईजवळ रात्रंदिवस मीच होती. तिच्या तोंडातली नळी एकदाही निघाली नाही. एक शब्द नाही बोलली ती."

मी स्कूटर हळू केली.

"मुक्ताले सांगू नका," ती म्हणाली. "अन् उद्यापासून भाऊजींचा डबा आपल्या घरून जाईल. वरण येते म्हणे."