न धुतलेली चिमणी

बायकोने हौसेने जमवलेले नक्षीचे रबरी ठसे आज लेकीने टेबलावर ओतले. बायको वारल्यावर घर आवरताना कुणीतरी ते पिशवीत कोंबले होते. मी आकाराप्रमाणे डब्यात लावू लागलो, तर लेक म्हणाली, "बाबा, नक्षी वर ठेवा. खाली दबली की रबर चपटं होतं. आई किती ओरडायची!"

ओरडायचीच. शुभेच्छापत्रं छापून झाली की ही एकेक ठसा जुन्या टूथब्रशने घासून, पुसून मगच ठेवायची. म्हणून चिमणीच्या एका ठशावर, पंखांत निळी शाई वाळलेली दिसली, तेव्हा लेकीने तो उचलून उजेडात धरला. माणूस जातं तेव्हा हातातलं काहीतरी मध्येच राहतं. काय राहिलं, ते मागच्यांना आवरताना कळतं.

लेकीने ठसा ओठांजवळ धरला, तोंडाची वाफ दिली आणि डब्याच्या पुठ्ठ्याच्या झाकणावर आतून दाबला. फिकट, अर्धीच चिमणी उमटली. आईची शाई लेकीच्या श्वासाने ओली झाली होती.

मग ती उठली आणि नळाखाली ठसा घासू लागली.

"राहू दे ना," मी म्हणालो.

"आईने असा ठेवला नसता," ती पाठमोरीच म्हणाली.

पाणी बराच वेळ निळं येत होतं.