नीदियाबाईंचा लटका घाट

सोगामोसो गावची नीदिया चापार्रो गेल्या चार वर्षांत क्रुसेरोचा घाट तीन हजार वेळा तरी चढली असेल, आणि तेही एकदाही धाप न लागता. गावातले खरे सायकलवाले तोच घाट चढून माथ्यावर पोचले की रस्त्याच्या कडेला बसून ओकतात. नीदिया चढता चढता भाषण करायची.

तिचा घाट होता गुरांच्या औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, एल्वेर पिराकोकाच्या जिममध्ये. तिथे बावीस सायकली जागच्या जागी उभ्या आणि समोर चौथऱ्यावर तेविसावी, बाईंची. पहाटे साडेपाचला पांढरे दिवे जायचे, जांभळे यायचे, गाणी दणाणायची आणि कानाला अडकवलेल्या माईकमधून बाईंचा मधाळ आवाज खोलीभर पसरायचा.

"चला माझ्या रणरागिणींनो! समोर काय दिसतंय? क्रुसेरो! घुंडी उजवीकडे, एक पूर्ण फेरा! पाय काय म्हणतायत ते ऐकू नका. पाय खोटारडे असतात!"

प्रत्येक सायकलीला सीटच्या पुढे एक लाल घुंडी असते. उजवीकडे फिरवली की चाक जड होतं, डावीकडे फिरवली की हलकं. या धंद्यातलं यंत्रशास्त्र एवढंच, उरलेलं सगळं नाटक. आणि नाटकात नीदियाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिचं मनगट गर्रकन फिरायचं, खांदा आवळला जायचा, ती दातओठ खायची. बोटं मात्र घुंडीवरून लोण्यावरून घसरावीत तशी घसरायची. घुंडी जागची हलायची नाही. मग ती आपणहून पाय सावकाश करायची, कपाळाला आठ्या घालायची, आणि समोरच्या बायकांना वाटायचं, बघा, बाई आपल्याहून दुप्पट जड ओढतायत!

सुरुवातीची आठ वर्षं तिने खरी घुंडी फिरवली होती. बोगोताच्या शिबिरात शिकवणारा एक चिकणाचुपडा मास्तर तेव्हा म्हणाला होता, "शिकवणाऱ्याने दमायचं नसतं, दमलेलं दिसायचं असतं," आणि नीदियाला त्याचा भयंकर राग आला होता. मग दिवसाला पाच वर्ग झाले, डावा गुडघा कुरकुरायला लागला, आणि एका तापाच्या दिवशी तिने पहिल्यांदा नुसता हात फिरवला. वर्ग संपल्यावर एक जण धावत आली. "बाई, आज काय जीव ओतलात हो!" नीदिया घरी गेली, उशीत तोंड खुपसून खूप हसली, आणि त्यानंतर घुंडीला हात लावला तो दाखवण्यापुरताच.

पण एक गंमत झाली. घुंडी हलकी झाली आणि वर्ग जड व्हायला लागला. पाच वाजता उठणं नको वाटायचं, तीच गाणी कानात खिळ्यासारखी रुतायची, रणरागिणी दिसल्या की नजर घड्याळाकडे जायची. तिला कंटाळा येतोय हे कुणाला कळलं नव्हतं, पण माणसं मात्र कमी होत गेली. बाविसाच्या पंधरा झाल्या, पंधराच्या नऊ.

मग एल्वेरने तिला खोलीत बोलावलं. एल्वेर हा जिमचा मालक. गेल्या बारा वर्षांत तो कुठल्याही सायकलीवर बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण उमेद या विषयावर त्याच्याकडे सात पुस्तकं होती.

"नीदियाबाई, एकतीस तारखेपर्यंत साडेपाचला पंधरा डोकी दिसली नाहीत, तर एक तारखेपासून पडदा."

"कसला पडदा?"

"भिंतीएवढा. आणि त्यात वर्ग घेणारी मायामीची मुलगी. काय तिचे दात! पहाटे साडेपाचला हसते हो ती!"

"मीपण हसते."

"तुम्ही हसता तेव्हा दाढ दुखतेय असं वाटतं. आतून उमेद हवी, बाई. एखादं पुस्तक देऊ का?"

साडेपाचचा वर्ग गावातला पहिला. बारा वर्षांपूर्वी चार सायकलींवर तिने स्वतः सुरू केलेला. तो गेला की उरलेले वर्ग पडदा आठवड्याभरात गिळणार आणि आपल्या हातात सीटा पुसायचं फडकं तेवढं राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तिने पुस्तक नेलं आणि भाषणं वाढवली. "तुमच्या आत ज्वालामुखी आहे!" असं ती सांगू लागली. नऊच्या सात झाल्या.

त्या सातांत एक नवी होती. सगळे मानाने जिला 'दोन्या' म्हणायचे ती एदिल्मा सिआचोके, वय अडुसष्ट, घाटावरच्या तळ्याकाठची कांदेवाली. कमरेचं हाड बदलल्यावर मुलांनी तिची सायकल विकून टाकली आणि तिचं नाव इथे घातलं. पहिल्या रांगेत ती काळी टोपी न काढताच पेडल मारायची. तीन दिवस ती नुसती बाईंकडे बघत राहिली.

चौथ्या दिवशी नीदिया ऐन रंगात होती. "शेवटचं वळण! फिरवा घुंडी! मी तुमच्यासोबत आहे!" तेवढ्यात दोन्या एदिल्मा सायकलीवरून उतरली आणि पाय ओढत चौथऱ्यावर आली.

"काय झालं दोन्या एदिल्मा? चक्कर येतेय का?"

"मला नाही. तुला कशी येत नाही, याचं नवल करतेय."

माईक चालू होता. दोघींचे आवाज चारी कोपऱ्यांतून घुमत होते.

"म्हणजे?"

"शेवटच्या वळणावर आहेस ना? तीस वर्षं चढलेय मी तिथून, मागे कांद्याच्या पेंढ्या बांधून. तिथे माणसाला अख्खं वाक्य बोलता येत नाही, बये. 'आई गं' म्हणायचं तर मध्ये श्वास घ्यावा लागतो. आणि तू प्रवचन देतेयस!"

मागच्या रांगेतून बेकरीवाली नोराल्बा फिस्सकन हसली.

"माझा सराव आहे," नीदिया म्हणाली. आवाज आता मधाळ नव्हता.

"सराव मलाही होता. पोटऱ्या बघ तुझ्या, उतारावर सोडलेल्या रिकाम्या गाडीसारख्या डुलतायत. पाय खोटारडे म्हणतेस, पण तुझ्या अंगात खरं बोलणारे तेवढेच आहेत." आणि तिने घट्टे पडलेला हात लाल घुंडीवर ठेवला. एक फेरा. दुसरा. वर अर्धा. "आता चढ. आणि बोल बघू."

पेडल चिखलात रुतल्यासारखं अडलं. नीदिया उभी राहिली, सगळं वजन उजव्या पायावर टाकलं, चाक एकदा फिरलं. डाव्यावर टाकलं, पुन्हा फिरलं.

"रणरा..." ती म्हणाली, आणि पुढचं राहिलं.

माईकमधून आता फक्त धाप येत होती. लोहाराचा भाता ऐकावा तसा सगळा वर्ग ती ऐकत होता. डोळ्यांतलं काजळ गालावर आलं, गालावरचं हनुवटीवर. उतरून जावं असं दहादा मनात आलं, पण समोर ती काळी टोपी हाताची घडी घालून उभी होती.

"बाई, जिवंत आहात ना?" नोराल्बाने विचारलं.

"गप... बस!"

चार वर्षांत बाई पहिल्यांदा मनापासून काही बोलल्या होत्या. वर्ग खदखदून हसला, आणि मग न सांगता सगळ्यांनी आपापल्या घुंड्या फिरवल्या.

नीदिया जिना उतरली ती खेकड्यासारखी आडवी. उद्यापासून यायचं नाही, हे तिने पहिल्या पायरीवरच ठरवलं. येऊ दे ती मायामीची दातवाली! म्हातारीने भर वर्गात आपलं पितळ उघडं पाडलं, आता कुठल्या तोंडाने चौथऱ्यावर चढायचं? पण शेवटच्या पायरीवर पोटात काहीतरी खवळलं. तिला आधी कळेना काय ते. भूक होती.

ती नोराल्बाच्या बेकरीत शिरली. दूध-अंड्याचं गरम सार संपवलं, दोन आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, संपवल्या, गुळाचं पाणी प्यायली आणि पुन्हा सार मागवलं.

"चार वर्षं तुम्ही इथे नुसती काळी कॉफी पिताय," नोराल्बा वाडगा आपटत म्हणाली. "उद्या येणार ना? घुंडीचा नंबर उद्या माझा आहे."

"कसला नंबर?"

"जिन्यात ठरलं आमचं. तुमची घुंडी रोज एकीने फिरवायची. तुमचा काही भरवसा नाही."

नीदियाने घास गिळला. कानशिलं तापली होती. एवढीशी ही नोराल्बा, उभ्याने दोन मिनिटं पेडल मारता येत नाही, आणि माझी घुंडी फिरवणार!

"ये तर खरी," ती म्हणाली. "हात दुखेपर्यंत फिरव. बघतेच मी."

एल्वेरच्या सातही पुस्तकांत उमेदीचा हा मार्ग दिलेला नव्हता. त्यांत पहाटेचं ध्यान होतं, आरशासमोर स्वतःला शाबासकी देणं होतं. चारचौघींत पत गेल्यावर येणारा तिडकीचा राग कुठेच नव्हता. नीदिया रोज त्या रागाने उठायची, पाच वाजता, घड्याळ वाजायच्या आत. दुसऱ्या आठवड्यात राग जरा निवला तरी जाग यायचीच. गुडघा दुखायचा, पण तो पूर्वीही दुखत होता. आता निदान दुखायला काही कारण होतं.

गावात बातमी पसरली होती. बाईंना धापा टाकताना बघायला माणसं यायला लागली. अकरा झाली, सोळा झाली. बायका नवऱ्यांना ओढून आणू लागल्या. ज्वालामुखी विझला, रणरागिणी संपल्या. "उठा," "बसा," "पाणी," "अजून नाही" एवढंच नीदिया बोलायची, कारण एवढ्यालाच श्वास पुरायचा.

एकतीस तारखेला एल्वेर भर वर्गात आला. मोजलं, एकवीस भरले. तरी त्याचं तोंड वाकडंच. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तो चौथऱ्यापाशी येऊन म्हणाला, "आकडा ठीक आहे, बाई. पण उमेद कुठाय? मघापासून अकरा शब्द बोललात, त्यात दोन शिव्या. आणि हा चेहरा! जरा पहिल्यासारखं करा. घुंडीबिंडी सैल ठेवा, कुणाला कळतंय? बोला, हसा. नाहीतर उद्यापासून पडदा."

एकवीस जणांनी ऐकलं. नीदियाला बोलायला दम नव्हता. तिने रिकाम्या बाविसाव्या सायकलीकडे बोट दाखवलं.

"चढा."

"मी? माझे बूट..."

"चढा, मालक, चढा!" वर्ग ओरडला. "उमेद दाखवा!"

गिऱ्हाइकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. पुढचं गाणं सुरू होताच एल्वेर चढला, कोट सावरला, आणि सगळ्यांना दिसेल असा हात उंचावून घुंडीवर नेला. मनगट गर्रकन फिरलं, खांदा आवळला गेला, दातओठ खाऊन झाले.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. नीदियाने मात्र बोटं पाहिली. ही विद्या तिच्याएवढी गावात कुणाला येत नव्हती.

ती उतरली, वर्गातून चालत गेली आणि त्याची घुंडी फिरवली. एक फेरा. दुसरा. वर अर्धा.

"आता सांगा, पडद्याचं काय म्हणत होतात?"

एल्वेरने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मान लाल झाली, कोटाचं बटण तुटून पेडलखाली गेलं. दोन्या एदिल्मा शेजारच्या सायकलीवरून कौतुकाने बघत होती.

"पडदा... नऊच्या... वर्गाला," तो कसाबसा म्हणाला.

"आणि साडेपाचला?"

"तुम्ही... तुम्हीच."

नीदियाने मान डोलावली. घुंडी तिने सैल केली नाही. गाणं संपायला अजून दीड मिनिट होतं.