मोजणीत न आलेली सून

देशाच्या सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख होते. कुठली पाहणी आधी करायची, कुठली मागे ठेवायची, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. ऑफिसात त्यांच्या माघारी सगळे त्यांना आकडेदादा म्हणत.

घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिचं सगळं बायको करायची. एकदा सासूला कूस बदलून देताना ती म्हणाली, "अहो, देशातल्या कोंबड्यासुद्धा मोजता तुम्ही. माझ्यासारख्या किती आहेत, ते मोजा की कधीतरी."

ते त्यांच्या मनाला लागलं. घरातल्या आजाऱ्यांचं करणाऱ्या माणसांची पाहणी त्यांनी, नव्या पाहण्यांना मंजुरी देणाऱ्या मंडळापुढे मांडली. "याचा उपयोग काय?" म्हणत मंडळाने ती दोनदा मागे ढकलली. शेवटी ते हट्टालाच पेटले आणि मंजुरी मिळाली. पण तोवर बायको गेली होती. छातीत दुखतंय असं म्हणायची, पण सासूला एकटं टाकून डॉक्टरकडे जायला तिला कधी सवड झाली नाही.

त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पुढे त्या पाहणीत नेमकं त्यांचंही घर निघालं. दारात आलेल्या पाहणीवाल्या बाईंनी विचारलं, "आजींचं सगळं कोण करतं?"

"मी. आधी माझी बायको करायची."

"त्यांचीही नोंद करू का?"

"नाही करता येणार, बाई. हयात माणसंच धरायची, हा नियम मीच केलाय."

आतून आईने सुनेला हाक मारली.

"आलो गं," म्हणत ते उठले.