गच्चीवरची पहिली लोंबी

बासष्टाव्या वर्षी मी फार तरुण आणि फार शहाणी होते. आता त्यातलं काही उरलेलं नाही, म्हणून त्या बाईबद्दल मोकळेपणानं लिहिता येतंय.

आमचं मूळ घर तारोडीचं. तिथल्या शेवटच्या खाचरात खाडीचं खारं पाणी शिरलं आणि भातशेती संपली. आम्ही तोवर गोडदेवच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण यायचा तो यायचाच. नव्या भाताची जुडी वाजतगाजत देवळात न्यायची. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. फादर तिला आशीर्वाद देतात, मग तिचे दाणे घरोघर वाटतात आणि प्रत्येक घर एक दाणा खिरीत टाकतं. पहिली जुडी आमच्या घरची, हे सासूच्या सासूच्याही आधीपासूनचं. बियाणंही तेच, दर वर्षी थोडं राखून ठेवलेलं. दुकानात मागायला त्याला नावसुद्धा नाही.

त्या वर्षी घरात ते मूठभरच उरलं होतं. शहाण्या बाईनं काय केलं? सगळं पेरलं. गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या ड्रमांत.

सासू नव्वदीच्या पुढची. पाय गेलेले, जीभ शाबूत.

"सगला पेरलास?"

"सगळं. पिकवून दाखवते की नाही बघा, आई."

"आणि न्हाय पिकला तर?"

मी हसले होते. ते हसू आठवलं की आजही तिच्या, म्हणजे माझ्या, कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

पुढची अक्कल ऐका. दिवसा ऊन मिळतंच, रात्रीही उजेड मिळाला तर भात दुप्पट जोमानं येईल, असा शोध मी लावला. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून जिन्याच्या माथ्यावर मोठा एलईडी दिवा लावून घेतला.

"आंटी, रातभर किसलिये?"

"उंदीर येतात."

चांगली रोपं दिव्याखाली मांडली. जी मरतुकडी उरली ती एका तडकलेल्या ड्रममध्ये खोचून पाण्याच्या टाकीमागे ढकलली. तिथे दिवसभर ऊन यायचं, पण दिवा पोचत नव्हता.

गणपती आले तोवर भात कमरेला लागलं होतं. हिरवंगार, जाडजूड. सोसायटीतल्या मुली त्याच्यापुढे उभ्या राहून फोटो काढायच्या. लोंबी मात्र एक नाही. लोंबी येण्याआधी भाताचं ताट, म्हणजे दांडा, पोटात फुगतं. मी रोज सकाळी दिव्याखालचं एकेक ताट चिमटीत दाबून बघत होते. सपाट. खाली आले की सासूचा आवाज ठरलेला.

"निसवला का?"

निसवणं म्हणजे लोंबी बाहेर पडणं. "येतंय, आई," मी म्हणायची. आगेऱ्यापर्यंतच्या रविवारांचं गणित मीही करत होते आणि तीही. हे भात आलं नाही तर जुडी जाईलच, पण बियाणंही जाईल, कायमचं. आणि ते माझ्या हातून गेलेलं असेल.

सप्टेंबरात वेलंकणी मातेचा सण असतो, तेव्हा उत्तनच्या तीर्थाला मी अनवाणी चालत गेले. वाटेवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकणारे बसले होते. ज्याचं मागणं, त्याचं मेण मातेला वाहायचं.

"धान की बाली है क्या?" मी विचारलं.

"धान का नहीं बनता, आंटी. घर लेलो, पैर लेलो."

मी विचार केला. लोंबीसुद्धा फुगलेल्या पोटातूनच येते, माता समजून घेईल. मी बाळ घेतलं. रांगेत ओळखीची एक बाई भेटली. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग हातातल्या बाळाकडे.

"अगो बाय, ह्या वयात?"

घरी येऊन पाय धुवायला गच्चीवरच्या नळाशी गेले. नळ टाकीमागे. तडकलेल्या ड्रममधल्या मरतुकड्या ताटांतून लोंब्या बाहेर पडल्या होत्या, बारीक पांढरा फुलोरा धरून. मी पाय न धुताच उभी राहिले. दिव्याखालची हिरवीगार ताटं बघितली, अंधारातली ही बघितली. दिवस लहान झाले की भात निसवतं, आणि ते कळायला त्याला रात्र लागते, आणि मी रात्रच बंद करून टाकली होती.

दिवा त्याच संध्याकाळी काढायला लावला.

"अब क्या हुआ?" सेक्रेटरी.

"उंदीर गेले."

बाकीच्या ड्रमांना आता उशीर झाला होता. एका ड्रमवर सगळी भिस्त. चिमण्यांसाठी मच्छरदाणी बांधली, वाऱ्यासाठी काठ्या रोवल्या, आणि तरी रात्री वारा सुटला की मी अंथरुणात उठून बसायची. लोंब्या पिवळ्या पडल्या, वाकल्या. कापल्या तेव्हा जुडी माझ्या मुठीत मावली.

"अर्ध्या ठेवू का बियाण्याला?" मी विचारलं.

सासू भडकली. "देवाला अर्धा देतंस? सगला दे."

"मग बियाणं?"

"ते मंग बघू."

जुडी देवळात गेली. व्हीलचेअर मी ढकलत होते, जुडी सासूच्या मांडीवर. आशीर्वाद झाला, दाणे मळून ताटात काढले, रांग लागली. आम्ही दोघींनी आपापले दाणे घेतले. तिनं ते रुमालात बांधले आणि हळूच म्हणाली, "फिरव."

खुर्ची फिरवून मी पुन्हा रांगेच्या शेवटी लावली. मग पुन्हा. ताट रिकामं होत चाललं होतं, मागे अजून माणसं येतच होती. तिसऱ्या खेपेला फादरांचा हात थांबला.

"बाई, घरात किती माणसं?"

मागची माणसं माना उंचावून बघायला लागली.

"वर गेलेली धरून, फादर?"

ते हसले नाहीत. त्यांनी रुमाल घट्ट धरून बसलेल्या म्हातारीकडे बघितलं, मग तिच्याच तळहातावर एक चिमूट ठेवली. "ही वर गेलेल्यांची."

घरी वाटीत पाणी घेऊन दाणे सोडले. पोचट वर आले, भरलेले खाली बसले. पुढच्या पेरणीपुरते होते, जेमतेम.

"एक खिरीत घालावा लागेल, आई."

तिनं पाण्यात बोटं घातली, बराच वेळ चाचपलं, आणि सगळ्यांत बारका होता तो काढून माझ्या हातावर ठेवला.